लेबलामागचा झरा



बिस्किटाचा पुडा हातात आला की आपण काय करतो? टर्रकन फाडतो आणि खाऊन टाकतो! पुड्यावर काय लिहिलंय ते वाचायला वेळ असतो कुणाला? पाण्याच्या बाटलीचंही तसंच. एस.टी. स्टँडवर बाबा बाटली घेतात, आपण घटाघटा पितो आणि बाटली रिकामी. पण आज आपण बाटलीवरचं लेबल वाचणार आहोत. नुसतं वाचणार नाही, त्याची उलटतपासणी घेणार आहोत. पोलीस संशयिताची घेतात ना, अगदी तशीच!

आपली बाटली आहे अमेरिकेतली. तिचं नाव ‘पोलंड स्प्रिंग’. तिथल्या दुकानांत ती सर्रास मिळते. लेबलावर लिहिलेलं असतं की हे पाणी मेनचं आहे आणि १८४५ सालापासूनचं आहे. शब्द मोजकेच, पण त्यांच्यामागे एक जुनं शेत आहे, एक सराई आहे, एक आजारी माणूस आहे आणि एक भलंमोठं जळून गेलेलं हॉटेलसुद्धा आहे.

उलटतपासणीला आपल्याजवळ चार प्रश्न हवेत. वहीत लिहूनच घ्या.

१. हे कोण सांगतंय?
२. त्यानं ते कधी सांगितलं?
३. कशावरून सांगितलं?
४. असं सांगण्यात त्याचा काही फायदा आहे का?

चला तर मग!

शेताची अदलाबदल

पहिला घोटाळा नावातच आहे. पोलंड म्हटलं की आपल्याला युरोपातला देश आठवतो. पण या पाण्याचा त्या देशाशी काही संबंध नाही बरं का! अमेरिकेच्या नकाशात अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात मेन नावाचं राज्य आहे. जंगलं, तळी आणि हिवाळ्यात बर्फच बर्फ. त्या राज्यात पोलंड नावाचं एक गाव आहे. आपली गोष्ट त्या गावची.

गोष्ट सुरू होते १७९४ साली. जेबेझ रिकर नावाचा एक शेतकरी मेनमधल्याच अल्फ्रेड या गावी राहत होता. त्याच्या शेजारी शेकर पंथाची माणसं होती. हा एक ख्रिस्ती पंथ. प्रार्थनेच्या वेळी त्यांचं अंग थरथरायचं, म्हणून लोक त्यांना ‘शेकर’, म्हणजे थरथरणारे म्हणू लागले. ही माणसं लग्न करत नसत, सगळी मालमत्ता सामायिक ठेवत आणि कष्ट भरपूर करत. त्यांनी बनवलेल्या साध्या, सुबक खुर्च्या आजही जगभर नावाजल्या जातात.

या शेकरांना जेबेझची अल्फ्रेडमधली जमीन हवी होती. त्यांच्याकडे दुसरीकडे, आजच्या पोलंड गावात, जमीन होती. मग दोघांनी जमिनींची अदलाबदल केली. जेबेझ बायकामुलांसह नव्या जागी आला. त्या जागेत टेकडी होती, शेत होतं आणि एक झरा होता. पण तेव्हा त्या झऱ्याला कोण विचारतो? झरे तर सगळीकडेच होते!

रिकरांचं घर रहदारीच्या रस्त्यावर होतं. येणारेजाणारे जेवणाची, मुक्कामाची चौकशी करू लागले. तेव्हा १७९७ साली घरच्यांनी सराईच सुरू केली. जेबेझचा मुलगा वेंटवर्थ ती चालवू लागला. घोडागाड्या थांबायच्या, घोड्यांना दाणापाणी, माणसांना गरम जेवण. शेती आणि सराई असं दुहेरी उत्पन्न. छान चाललं होतं.

आणि मग आगगाडी आली!

पोर्टलंड बंदरापासून कॅनडातल्या माँट्रिअलपर्यंत लोहमार्ग टाकायचं काम सुरू झालं. १८५३ साली तो पुरा झाला. आता घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायला कोण बसणार? रस्ता ओस पडू लागला आणि सराईही. त्या वेळी सराई होती वेंटवर्थचा मुलगा हायरम याच्याकडे. हे लक्षात ठेवा. हायरमला नव्या धंद्याची गरज होती. आपल्या चौथ्या प्रश्नासाठी ही माहिती उपयोगी पडणार आहे.

हायरमचं पोट

रिकर घराण्यात सांगितली जाणारी हकीकत अशी. हायरमला अपचनाचा जुना विकार होता. १८४४ साली शेतात गवतकापणी चालू होती. कापणीची जागा झऱ्याजवळ होती, म्हणून हायरम काही दिवस त्या झऱ्याचंच पाणी प्यायला. आणि काय आश्चर्य! त्याचं पोट बरं झालं. मग त्याला आठवलं की वडिलांनाही १८२७ साली याच पाण्यानं मुतखड्यापासून आराम पडला होता. झालं! हे पाणी औषधी आहे, असं त्याच्या मनानं घेतलं.

आता आपले प्रश्न बाहेर काढा.

कोण सांगतंय? रिकर कुटुंब. त्यांचा फायदा आहे का? आहेच की, पाणी तेच विकणार होते. म्हणजे हायरम खोटं बोलत होता का? तसं म्हणायचं कारण नाही. त्याचं पोट खरंच बरं झालं असेल. पण ते पाण्यानंच झालं, हे कशावरून?

समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलाकडे ‘लकी पेन’ आहे. त्या पेनानं त्यानं गणिताचा पेपर लिहिला आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले. तो सगळ्यांना पेनाची गोष्ट सांगणार. पण तसलंच पेन वापरून ज्याला पस्तीस मिळाले, तो काही सांगत फिरणार नाही! म्हणजे आपल्या कानावर फक्त पैकीच्या पैकीवाली गोष्ट येते. झऱ्याचंही असंच. पाणी पिऊन ज्यांना बरं वाटलं त्यांनी ते चारचौघांत सांगितलं. ज्यांना काहीच वाटलं नाही, ते गप्प घरी गेले. शिवाय पुष्कळ दुखणी नुसत्या चार दिवसांनीही बरी होतात. म्हणून औषध खरं की खोटं हे ठरवताना एका माणसाची गोष्ट पुरत नाही. पुष्कळ माणसं घ्यावी लागतात, त्यातल्या काहींना औषध द्यावं लागतं, काहींना नाही आणि मग ताळा पाहावा लागतो. हायरमच्या झऱ्यावर असं कुणी केलं नव्हतं.

१८४५ की १८५९?

लेबलावर साल आहे १८४५. हायरमनं आजूबाजूला थोडंथोडं पाणी द्यायला तेव्हा सुरुवात केली, असं सांगतात. पण खऱ्या व्यापाराची जी पहिली विक्री सांगितली जाते ती १८५९ सालची. जवळच्याच एका गावातल्या किराणा दुकानदाराला तीन गॅलनचं एक मातीचं भांडं भरून पाणी विकलं. किंमत १५ सेंट.

गणित करू या का? तीन गॅलन म्हणजे साधारण ११ लिटर. शंभर सेंटचा एक डॉलर. म्हणजे एका डॉलरला सुमारे ७५ लिटर पाणी!

मग लेबलावर १८५९ का नाही? विचार करा. ‘आमचं दुकान जुनं आहे’ असं सांगितलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. आपल्याकडेही मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना’ लिहून साल घातलेलं असतं ना? साल जितकं मागे जाईल तितकं बरं! १८४५ हे साल खोटं आहे असं नाही. पण एकाच गोष्टीची सुरुवात कुठली धरायची हे सांगणाऱ्यावर अवलंबून असतं. इतिहासाच्या पुस्तकात एखादं साल वाचाल तेव्हा विचारून पाहा, ‘म्हणजे नेमकं काय सुरू झालं त्या साली?’

आगगाडीनं नेलं, आगगाडीनं आणलं

पुढे पोर्टलंडमधल्या एका डॉक्टरांनी हे पाणी रोग्यांना द्यायला सुरुवात केली आणि मागणी वाढली. गंमत पाहा, ज्या आगगाडीनं रिकरांची सराई ओस पाडली, तीच आता पाण्याची भांडी लांबलांबच्या शहरांत नेऊ लागली. आणि शहरातली श्रीमंत मंडळी हवापालटाला पोलंडला आणू लागली.

त्यांच्यासाठी १८७६ साली हायरम आणि त्याच्या मुलांनी टेकडीवर भव्य हॉटेल बांधलं. त्याच सुमारास त्यांनी एक नमुनेदार बाटली काढली. काचेची, दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या आकाराची! हा म्हातारा म्हणजे बायबलमधला मोझेस. त्यानं काठीनं खडकावर प्रहार केला आणि तहानलेल्या लोकांसाठी पाणी निघालं, अशी कथा आहे. अर्जुनानं बाण मारून शरपंजरी पडलेल्या भीष्मांसाठी पाणी काढलं, तशीच. रिकरांनी पाण्याबरोबर कथाही बाटलीत भरली म्हणा ना!

१८९३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. शिकागो आणि १८९३ म्हटल्यावर काही आठवलं? बरोब्बर! स्वामी विवेकानंदांचं गाजलेलं भाषण ज्या सर्वधर्म परिषदेत झालं, ती परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती. प्रदर्शनात मेन राज्यानं स्वतःची एक अष्टकोनी इमारत उभारली होती. प्रदर्शन संपल्यावर रिकरांनी ती विकत घेतली, दगडन् दगड सुटा केला, आगगाडीनं पोलंडला आणला आणि इमारत पुन्हा उभी केली! १८९५ साली तिथं पाहुण्यांसाठी ग्रंथालय आणि चित्रदालन सुरू झालं. ही इमारत आजही उभी आहे. कुणालाही जाऊन पाहता येते. आपल्या तपासात हा सगळ्यात भक्कम पुरावा. गोष्ट बदलता येते, लेबल बदलता येतं, पण दगडी इमारत ‘मी इथं आहे’ म्हणून सांगत राहते.

मग पाण्यात खरंच काही होतं का?

होतं! म्हणजे खरं तर नव्हतं. चक्रावलात ना? सांगते.

त्या काळी मोठ्या शहरांत पिण्याचं पाणी आणि सांडपाणी जवळजवळ नांदत असे. पटकी आणि विषमज्वरानं माणसं पटापट मरत. पाण्यातून पटकी पसरते हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवून दिलं. त्यांनी काय केलं? मेलेल्या माणसांची घरं नकाशावर मांडली. बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच पंपाच्या आसपास निघाली! पाहा, इथं एका माणसाची गोष्ट नव्हती, शेकडो माणसांचा हिशेब होता. फरक कळला ना?

आता डोंगराळ भागातल्या झऱ्याकडे पाहा. पाऊस आणि वितळलेलं बर्फ जमिनीत मुरतं. माती आणि वाळूच्या थरांतून ते हळूहळू गाळलं जातं. वर वस्ती विरळ, त्यामुळे घाण मिसळत नाही. असं पाणी स्वच्छ असतं. शहरातलं गढूळ पाणी पिणाऱ्या माणसाला ते अमृतच वाटणार! पाण्यात जादूचं औषध होतं म्हणून नव्हे, त्यात रोगाचे जंतू नव्हते म्हणून. जे ‘नव्हतं’ त्यातच त्याचा गुण होता.

हे रिकरांच्याही ध्यानात आलं असावं. १९०६ साली अमेरिकेत अन्न आणि औषधांवर खोटी लेबलं लावायला बंदी करणारा कायदा झाला. त्याच सुमारास, १९०६-०७ साली, रिकरांनी झऱ्यावर संगमरवर आणि काचेनं सजवलेलं घर बांधलं. बाटल्या भरण्याची नवी इमारतही बांधली. पाहुण्यांनी यावं आणि सगळं कसं लख्ख आहे ते डोळ्यांनी पाहावं. आता ‘रोग बरा करणारं’ यापेक्षा ‘शुद्ध’ हा शब्द मोठा झाला.

पण तेवढ्यात एक वेगळीच गोष्ट घडली. १९०८ साली जर्सी सिटी या शहरानं नळाच्या पाण्यात नियमितपणे क्लोरिन मिसळायला सुरुवात केली. हळूहळू इतर शहरांनीही तेच केलं. श्रीमंताला बाटलीतून मिळणारं निर्धोक पाणी आता गरिबाच्या नळालाही येऊ लागलं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा चमत्कार हाच! पण त्याची बाटली निघाली नाही, म्हणून त्याची जाहिरातही झाली नाही.

शेत गेलं, नाव राहिलं

पुढचं थोडक्यात सांगते. १९३०च्या दशकातल्या मंदीत रिकरांच्या हातून मालकी गेली. टेकडीवरचं ते भव्य हॉटेल १९७५ सालच्या जुलैत आगीत भस्मसात झालं. १९८० साली फ्रान्सच्या पेरिये कंपनीनं पोलंड स्प्रिंग घेतलं, १९९२ साली पेरियेच स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीकडे गेली. २०२१ साली नेस्लेनंही अमेरिकेतला हा धंदा विकला आणि २०२४पासून तो प्रायमो ब्रँड्स या कंपनीकडे आहे. एका शेतकऱ्यानं अदलाबदलीत मिळवलेल्या जमिनीचं नाव देशोदेशी फिरून आलं की नाही?

आता बाटलीतलं पाणी एकट्या त्या जुन्या झऱ्याचं नसतं. मेनमधल्या अनेक ठिकाणांहून ते येतं. आणि इथं एक मजेदार प्रश्न उभा राहतो. झरा म्हणायचं कशाला?

तुम्ही म्हणाल, ‘बाई, जमिनीतून आपोआप वाहत येतं तो झरा.’ बरोबर. पण अमेरिकेच्या १९९५ सालच्या नियमानुसार, ज्या थरातून झरा वाहतो त्याच थरात छिद्र पाडून पाणी उपसलं, तरी त्याला ‘झऱ्याचं पाणी’ म्हणता येतं. मात्र तिथं झरा नैसर्गिकपणे वाहत असला पाहिजे. २०१७ साली काही ग्राहक कोर्टात गेले. ‘हे झऱ्याचं नाही, साधं विहिरीसारखं उपसलेलं पाणी आहे,’ असं त्यांचं म्हणणं. ‘आमचं पाणी नियमाप्रमाणे झऱ्याचंच आहे,’ असं कंपनीचं म्हणणं. एका शब्दाच्या अर्थावरून केवढं भांडण! भाषेच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा प्रश्न याहून अवघड. जमिनीखालचं पाणी कुणाचं? मेनचा जुना कायदा म्हणतो, ज्याची जमीन त्याचं पाणी. पण पाण्याला कुठं बांध असतो? मी माझ्या जमिनीतून खूप उपसलं तर शेजाऱ्याची विहीर आटू शकते. मेनमध्येच फ्रायबर्ग नावाचं गाव आहे. तिथलं पाणी बराच काळ कंपनीला विकायच्या करारावरून गावात वाद झाला. २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कराराला मान्यता दिली. काहींना वाटलं, गावाला उत्पन्न मिळेल. काहींना वाटलं, आपल्या नातवंडांच्या वाट्याचं पाणी चाललं.

आपल्याकडेही ‘ज्याची जमीन त्याचं पाणी’ हीच समजूत इंग्रजांच्या काळापासून, १८८२ सालच्या कायद्यापासून चालत आली. भरमसाट बोअर मारल्या की काय होतं, हे दुष्काळी भागातल्या माझ्या दोस्तांना मी सांगायला नको. म्हणूनच महाराष्ट्रानं २००९ सालचा भूजल कायदा केला आणि खूप खोल विहिरींवर बंधनं घातली.

आणि हो, आपल्याकडच्या बाटलीचीही एक गंमत. ‘बिसलेरी’ हे आडनाव आहे! फेलिचे बिसलेरी हे इटलीतले गृहस्थ. त्यांच्या नावानं आधी प्रसिद्ध झालं ते पाणी नव्हे, तर लोह आणि सिंकोनाची साल घातलेलं शक्तिवर्धक पेय. त्या नावाचं पाणी १९६५ साली आपल्या ठाण्यात तयार होऊ लागलं. म्हणजे इथंही पुन्हा औषधाकडूनच पाण्याकडे!

आता तुमची पाळी

तुमच्या गावात, वाडीत किंवा पेठेत एखादी जुनी विहीर, बारव, झरा किंवा हौद असेलच. त्याचा इतिहास शोधा. पुरावे तीन ठिकाणी शोधायचे.

माणसं : आजी-आजोबा, शेजारचे म्हातारे काका. ते सांगतील ते जसंच्या तसं लिहा. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, आपल्या मनानं जुळवू नका.

कागद : जुना सातबारा, ग्रामपंचायतीचं दप्तर, ग्रंथालयातलं जिल्ह्याचं गॅझेटिअर.

वस्तू : विहिरीवरचा शिलालेख, मोटेचं थारोळं, दोर घासून दगडाला पडलेल्या खाचा. या खाचा किती खोल आहेत त्यावरून विहिरीनं किती पिढ्यांना पाणी पाजलं याचा अंदाज येतो.

मग तिन्ही शेजारी शेजारी मांडा आणि आपले चार प्रश्न विचारा. काही गोष्टी जुळतील, काही जुळणार नाहीत. न जुळणाऱ्या खोडून टाकू नका. पुढचा शोध तिथूनच सुरू होतो. मात्र विहिरीजवळ एकट्यानं जायचं नाही, मोठ्यांना बरोबर घेऊनच जायचं. कबूल?

आणि आईबाबांनो, एक विनंती तुम्हांलाही. मुलं प्रश्न विचारू लागली की ‘गप बस, मोठ्यांना उलट विचारू नये’ असं म्हणू नका. ‘कशावरून?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आजोबांनी विहिरीची गोष्ट सांगितल्यावर नात ‘कशावरून?’ विचारते, तेव्हा तिला आजोबांवर अविश्वास दाखवायचा नसतो. तिला ती खाच स्वतःच्या बोटानं चाचपून बघायची असते.

तुमच्या विहिरीची हकीकत पत्रानं जरूर कळवा. चित्र काढून पाठवलंत तर उत्तमच!

तुमची,
बाई